परतीचं गाऱ्हाणं

"पाणी ह्याच बावीचा?" समर्थच्या आईने परसातल्या विहिरीकडे बघत विचारलं, आणि चहाचा कप न उष्टावताच खाली ठेवला.

तळेऱ्याहून माणसं वर्षालीला बघायला घरापर्यंत आली, हीच मोठी गोष्ट होती. ह्या घरात काढलेला भुताचा सिनेमा आल्यापासून बाकीची स्थळं तिच्या मिठबाव गावाच्या अलीकडूनच मागे फिरत होती. आणि हा समर्थ तिला मनापासून आवडला होता.

"काकी, ज्या पुस्तकावरना सिनेमा काढलो, ता मी वाचलंय," ती म्हणाली. "त्यात आमचा घर नाय. थंय बाव पण नाय."

"पुस्तक कोण वाचता गो? सिनेमा सगळ्यांनी बघल्यानी."

बघितला होता खरा. हे घर, परसातली ही विहीर, आणि विहिरीतून वर येणारा हिरव्या बांगड्यांचा हात. तो रबरी हात शूटिंग संपल्यावर वर्षालीनेच धुऊन दोरीवर वाळत घातला होता. पण हे सांगून कुणाला पटणार?

समर्थच्या आईला हाताचं काही नव्हतंच. "सिनेमा खोटो, ता माका कळता," ती वर्षालीच्या वडिलांना, दत्तारामला म्हणाली. "पण तुमचा गाऱ्हाणा? ता पण खोटा?"

दत्तारामची मान खाली गेली. कुठल्याही कामाआधी घालतात तसं त्याने शूटिंगच्या आधी विहिरीच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. घरात बापलेक दोघंच. लेकीसाठी मोकळ्या मनाने तो म्हणाला होता, "ह्या चेडू तुझ्या पदरात घातलंय, म्हाराजा. तुझा म्हणान सांभाळ." दिग्दर्शकाने ते परस्पर टिपलं आणि सिनेमात नेमकं त्या हाताच्या आधी जोडलं. आता राखणदाराच्या जागी लोकांना ती बांगड्यांवालीच दिसत होती.

"थंय दिलेला चेडू माका कसा देतल्यात?" समर्थची आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "आधी परत मागून घेवा. मगे बोलू."

ज्याच्या भरवशावर जन्मभर दाराला कडी घातली नाही, त्याच्याकडून लेक काढून घ्यायची? दत्तारामला ते अगदी जिवावर आलं. त्याने मुलीकडे पाहिलं. ती नारळ घेऊन उभीच होती.

सगळे परसात आले. दत्तारामने विहिरीच्या कठड्यावर नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, चुकला माकला पोटात घाल. तुझ्या पदरात घातलेला चेडू आज परत मागतंय. ता माका दी, म्हाराजा."

आता जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

समर्थच्या आईने पदर तोंडावर धरला. तिच्या हट्टापायी हे मागणं झालं होतं, पण विहिरीतल्याचा रोष आपल्या तोंडाने कोण ओढवून घेणार? समर्थ चपलांकडे बघत राहिला. वर्षालीने स्वतःच म्हणायला तोंड उघडलं, पण राखणदाराची भीती तिलाही आडवी आली.

दत्ताराम हात जोडून तसाच थांबला. मग एकेकाची नजर विहिरीकडे वळली, आणि उत्तर तिथूनच यायचं असल्यासारखे सगळे कान देऊन उभे राहिले. वर्षालीसुद्धा.