झाडाखालचा भंडारा

सांगोल्याच्या माळावर धुकं अजून विरायचं होतं. मायाक्का स्वप्नात चालल्यासारखी नवऱ्यानं लावलेल्या पहिल्या डाळिंबापाशी आली. तो गेला आणि महिन्याभरात त्या झाडाच्या बुडाशी पिवळसर पूड सांडू लागली. धन्यानं बिरोबाच्या हाती भंडारा धाडलाय, असं मानून ती रोज चिमूटभर पूड मोकळ्या कपाळाला लावी. दिवसभर तो सोबत चालतोय असं वाटे. आज लेकीनं मोबाइलचा कॅमेरा खोडावर धरला. पडद्यावर बारीक छिद्रांभोवती लाल चौकोन उमटले, खाली नाव आलं: खोडभुंगेरा. "आये, ह्यो भंडारा न्हाय. किड्यानं पोखरलेल्या लाकडाचा भुसा हाय. झाड आजच जाळाय पायजे, न्हायतर सगळी बाग जाईल." मायाक्का डोळे मिटून खोडाला टेकली. मग म्हणाली, "आन कुऱ्हाड." तो गेला तेव्हा तिचं कपाळ बायकांनी पुसलं होतं, आज तिनं आपल्या हातानं पुसलं.