ओला सोगा

काटा मोडला तरी बायकोला सांगायचं नाही, हीच द्वारकाबाईंची झुंबरआबांबद्दल लग्नापासूनची तक्रार. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय का, ते बघायला दोघं वरकुट्याहून बारामतीला आली. हाडांच्या स्कॅनची सुई टोचताना सिस्टरनं बजावलं, "औषध लघवीतनं जातं. कापडावर सांडली तर सांगा, फोटोत कॅन्सरसारखा डाग दिसतो." आबांनी मान डोलावली. डॉक्टरांनी फोटोत मांडीच्या हाडावरचा डाग दाखवला. द्वारकाबाईंनी वळून आबांकडे पाहिलं. आबा धोतराचा ओला सोगा मुठीत दाबून बसलेले. "डाक्टर, आधी ह्यांचं धोतर बदला," बाई म्हणाल्या. धुऊनपुसून, हॉस्पिटलचा पायजमा घालून पुन्हा फोटो काढला. हाड स्वच्छ निघालं. डोळे टिपत बाई आबांवर डाफरल्या, "चाळीस वर्षं तुमची धोतरं धुतेय, माझ्याम्होरं कसली लाज? कॅन्सर ऱ्हायला बाजूला, तुमच्या लाजेनं मीच मेली असती!"