चौदा दिवसांचा पाहुणा

कोरीननं कुंपणाशी गाडी थांबवली आणि तिला टर्की पक्ष्याच्या मादीची हाक ऐकू आली. हाक कुरणापलीकडच्या, चाकांवरच्या फिरत्या घराच्या खिडकीतून येत होती.

त्या घरात तिचा काका ड्वाइट अकरा दिवस एकटा राहत होता. आयडाहोतून आलेला. साथ पसरल्यापासून मोंटानात नियम होता, बाहेरच्या राज्यातल्या माणसानं आधी चौदा दिवस वेगळं राहायचं, तोवर शिकारीचं नाव काढायचं नाही. खिशात परवाना असला तरी. शिकार खात्याची वॉर्डन म्हणून हे बघणं कोरीनचंच काम. मागच्या आठवड्यात अशाच दोन पाहुण्यांना तिनं दंड ठोकला होता.

कुरणाच्या अलीकडच्या टोकाला तिचे वडील मर्ल खुर्चीत बसले होते. मांडीवर बंदूक, नाकात नळ्या, पायाशी प्राणवायूची टाकी. दोघे भाऊ दर वसंतात बरोबर शिकारीला जात; एकही साल चुकलं नव्हतं.

"काका, ती हाकेची लाकडी डबी खाली ठेवा," कोरीन ओरडून म्हणाली.

खिडकीत पांढरी दाढी आली. "माझ्या घरात बसून मी लाकडावर लाकूड घासतोय, पोरी. त्यालाही बंदी?"

"मादीची हाक घालून दुसऱ्यासाठी नराला बोलावणं म्हणजे शिकारच. तुम्हीच शिकवलंत मला."

"चुकलंच माझं." डबी आत गेली.

मर्लनी लेकीकडं पाहिलं नाही. "सोमवारी डॉक्टरांकडं गेलो होतो," ते म्हणाले. "पुढच्या वसंताचं ते काही बोलले नाहीत." उद्या वारा सुटेल म्हणावं, तसं म्हणाले.

कोरीननं रेडिओवर न्याहारीची सुट्टी कळवली आणि वडिलांपासून चार हात दूर गवतात बसली. ती इथलीच, परवाना होताच. ओंजळ तोंडाशी धरून तिनं हाक घातली.

"घाई करतेस," खिडकीतून आलं. "नवऱ्याला जेवायला बोलावतेयस का? थोडा भाव खा."

मर्ल हसले आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर तिनं पुन्हा हाक घातली, सावकाश. पलीकडच्या झाडीतून नरानं उत्तर दिलं.

बऱ्याच वेळानं नर बाहेर आला. छाती फुगवलेली, शेपटीचा पंखा उघडलेला. तो थेट फिरत्या घरासमोर जाऊन उभा राहिला. मर्लनी बंदूक खांद्याला लावली, आणि तशीच धरून ठेवली.

"मागे ड्वाइट आहे," ते पुटपुटले.

तेवढ्यात खिडकीतली दाढी नाहीशी झाली. चौकटीवर फक्त एक हात दिसत राहिला, मार, मार, अशी खूण करणारा.

"आडवा पडलाय जमिनीवर. वेडा आहे." मर्लनी काडतुसं काढली आणि बंदूक गवतात ठेवली.

"काका सुटेपर्यंत तीन दिवस थांबायचं, बाबा?"

"थांबू. आणि आता ड्वाइटला बघू दे तो नर."

नर डौलात फिरत्या घराला वळसा घालू लागला. आत ड्वाइट उठला असावा. त्याचा चेहरा एका खिडकीत आला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, पक्ष्याच्या चालीनं.