डबा न उघडता

"आई, आत हाय तो! खरंच आत हाय!" अमरावतीच्या प्रयोगशाळेतून गीतांजली फोनवर ओरडली.

"कोण आत हाय? कोणाले कोंडलं व तुमी?" अकोटच्या बाजारात भाजी विकता विकता पार्बताबाई घाबरली.

"अणू, आई! कार्बनच्या साठ अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ गोळा असते, फुलरीन म्हणतेत त्याले. त्याच्यात हेलियमचा एक अणू कोंडला आमी. त्याले आता बाहेर पडताच येत नाई."

"फोडून पायलं काय?"

"फोडला तं उडूनच जाईन तो. चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी हालवलं, अन् आतून इशारा आला!"

पार्बताबाईनं तराजू खाली ठेवला.

"म्हंजे भुलाबाईच्या सणातला खाऊच की व! गाणी झाली का बंद डबा हालवाचा, अन् आत काय हाय ते ओळखाचं."

"हो, तसंच!"

"सगळ्या पोरी ओळखत, तुलेच कधी जमलं नाई. डबा कानाशी धरून खडखड हालवे, अन् चुकली का रडत घरी येत होती."

फोन तसाच हातात धरून पार्बताबाई उभी राहिली आणि अख्ख्या भाजीबाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "अवं बायांनो, आमच्या गीतानं खाऊ ओळखला!"