मासा वाचला

टँकमधला फ्लॉवरहॉर्न मासा तळाशी आडवा पडला, तशी भिकुबाईंची कळी खुलली. दोन दिवसांनी धुळ्याला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. "मरू दे त्याले," त्या सुनेला म्हणाल्या. "मासा मरना म्हणजे घरवरनं संकट तोच संगे लई जास."

 टायफॉइडने दिपमाला फणफणली होती, तेव्हा याच सासूने 'नाटकं बंद कर' म्हणत तिला भाकरी थापायला बसवलं होतं. तिने माशाला वेगळ्या टबात घेतलं, पाण्यात मीठ टाकलं, हीटर लावला आणि पोटच्या पोरासारखं जपलं.

ऑपरेशनला निघताना भिकुबाईंना टँकमध्ये गरागरा फिरणारा मासा दिसला, आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

दिपमाला वाकून त्यांच्या पाया पडली. "आई, हा तर वाचला. आता तुमचं तुम्ही बघा."