बिल्ल्याचं भोक

बाबा गेल्यावर घराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. त्या एका झिजलेल्या पितळी बिल्ल्यात अडकवलेल्या होत्या. बिल्ला कसला, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाबा एवढंच म्हणायचे, "ह्याच्यात अडकवल्या की हरवत नाहीत."

बाबा ज्या कारखान्यात होते, तिथल्या युनियनचा म्हातारा कारकून अजून ऑफिसात येऊन बसतो, असं कळलं. किल्ल्या काढून घेतल्या आणि बिल्ला त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो रुमालाने पुसला, खिडकीशी धरला. "आमचाच आहे. मोठ्या संपाच्या वर्षीचा." मग त्याने भोकावर बोट ठेवलं.

"ते बाबांनी पाडलं असेल," मी म्हणाले. "किल्ल्यांसाठी."

"नाही. ते आम्ही पाडायचो. संप चालू असताना जो कामावर गेला, त्याचा बिल्ला ह्याच टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर खिळा ठोकायचो. मग त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. बाकीचे बिल्ला इथेच टाकून गेले. ह्यांनी नेला वाटतं."

बाबांकडे कधी कोणी येत नसे. मला वाटायचं, स्वभावच तसा.

कारकुनाने विचारलं, "असं काय अडलं होतं त्यांचं?"

"मी," मी म्हणाले. "त्या वर्षी सातव्या महिन्यात जन्मले. दोन महिने दवाखान्यात काचेच्या पेटीत होते."

त्याने बिल्ला माझ्याकडे सरकवला. मी किल्ल्या पुन्हा त्याच भोकात अडकवल्या.