हिरवी जोडी

दोष शोधण्यास विद्या लागते. दोषी शोधण्यास एक बोट पुरते. त्या दुपारी चोरखमारा तलावाजवळच्या शाळेत अशी बोटे सिद्धच होती.

साडेचार वाजले होते. पाचला बदलीच्या ऑनलाइन अर्जांची मुदत संपणार होती. शिक्षिका ओमेश्वरीचे पती योगराज चार वर्षे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, देवरीकडे, शिकवत होते. पती-पत्नी एकत्रीकरणाचा तिचा अर्ज भरून झाला होता. फक्त विवाहाचा दाखला संकेतस्थळावर चढत नव्हता. काल क्षणात उघडणारे पान आज मुंगीच्या पावलांनी सरकत होते. शाळेत संगणक हा एकच; त्यावर ओमेश्वरीने लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवली होती.

"तुमचं हे लिनक्सच बेकार आहे, मॅडम!" मुख्याध्यापक केशोराव कडाडले. "उद्याच काढून टाकतो."

"उद्या काढा, सर. आज पाचपर्यंत राहू द्या."

इंटरनेटची जुनी तार रात्री उंदरांनी कुरतडली होती. शिपाई मनिराम यांनी सकाळीच नवी ओढून दोन्ही टोकांना प्लग बसवले होते. रंगांचा क्रम ओमेश्वरीने कागदावर लिहून दिला होता. आता मनिराम यांनी तारेला तपासणीचे यंत्र लावले. आतल्या आठ बारीक तारांचे आठही दिवे ओळीने उजळले.

"पाहा, आठीच्या आठी जिवंत हायेत!"

ओमेश्वरीने मग संगणकालाच विचारले. तिने आदेश टंकला. नेटवर्क कार्डाने मोजलेल्या चुका पडद्यावर उमटल्या, हजारोंनी. पुन्हा टंकला, आकडा आणखी फुगला. लिनक्स निर्दोष होते, तार आजारी होती! तिने प्लग उजेडात धरला. प्रत्येक रंगाची जोडी शेजारी-शेजारी बसवलेली. कागदावर मात्र हिरव्या दोन तारांच्या मध्ये निळी जोडी होती. क्रम चुकला की एका पिळाचे संदेश दुसऱ्यात मिसळतात; यंत्राचा दिवा मात्र एकेक तार पाहतो. कोणती तार कोणाशी पिळलेली आहे, ते त्याला कळत नाही.

तिने टोक छाटले, तारा कागदाप्रमाणे लावल्या, प्लग दाबला. इंटरनेटची पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत होती; दुसऱ्या टोकासाठी ती तिकडे धावली. मनिराम संगणकापाशी उभे राहिले.

"लावली! दिवा?"

"लागला, बाई! या लवकर!"

चार वाजून त्रेपन्न मिनिटे. दाखला एका श्वासात चढला. अर्ज स्वीकारला गेला.

"राहू द्या ते लिनक्स," केशोराव पुटपुटले.

ओमेश्वरी मनिरामांकडे वळली. "कागद दिला होता ना, मनिरामजी? क्रम काऊन बदलला?"

त्यांनी मान खाली घातली. "तुमची जोडी एकत्र आनाचा अर्ज होता, बाई. अशा दिवशी माह्या हातानं हिरवी जोडी कायले फोडू?"

छाटलेला तुकडा उचलून तिने त्याचे आवरण सोलले. आत हिरव्या दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट गुंफलेल्या होत्या. वेगळ्या होत होत्या त्या फक्त टोकाशी.

मनिरामांनी तो तुकडा कपाळाला लावला.

"मंग फुटली नाई म्हना," ते म्हणाले. "सुखी राहा दोघंही."